ऐका, चर्चा करा, कृती करा : स्थानिक नभोवाणीचा एक धडा

१९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, आठवड्यातून दोनदा, सायंकाळच्या वेळी, तेव्हाच्या मुंबई राज्यातील दीडशे गावांत एक आगळे दृश्य दिसत असे. वीसएक ग्रामस्थ नभोवाणी संचाभोवती बसत. पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. कार्यक्रम संपला म्हणजे संच बंद केला जाई. परंतु माणसे उठून जात नसत. जे ऐकले त्याचा गावाशी काय संबंध, त्यातले काय पटले, काय पटले नाही आणि त्यांपैकी काय करता येण्याजोगे आहे, याची चर्चा खरी तेव्हा सुरू होई. चर्चेचा गोषवारा लिहून घेतला जाई. जे प्रश्न गावात सुटत नसत, ते पुण्यास रवाना होत आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत.

या घटनेला आता सात दशके होत आली. मधल्या काळात नभोवाणीच्या जोडीला दूरचित्रवाणी आली, भ्रमणध्वनी प्रत्येकाच्या खिशात आला आणि शंभर वॅट शक्तीचे छोटे ध्वनिक्षेपण केंद्र चालविण्याचा मार्ग गावालाही मोकळा झाला. तरी त्या दीडशे गावांनी जो प्रश्न पुढे ठेवला, तो जुना झालेला नाही. नभोवाणी लोकांना ऐकविते हे सर्वांना ठाऊक आहे. ती लोकांचे ऐकूनही घेते काय, हा तो प्रश्न होय. स्थानिक कारभार, गुन्हेगारी आणि गावातील लहान उद्योजक या तीन विषयांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या तिघांनाही उपयुक्त ठरेल.

कॅनडातील शेतकरी मंडळे

पुण्याच्या प्रयोगाची मूळ कल्पना कॅनडातील होती. तेथे १९४१ पासून राष्ट्रीय पातळीवर शेतकऱ्यांची नभोवाणी मंडळे चालविली जात. शेतकरी संघटना, प्रौढ शिक्षण संस्था आणि राष्ट्रीय प्रसारण संस्था या तिघांनी मिळून हे काम अंगावर घेतले होते. हिवाळ्यातील सायंकाळी शेजारपाजारची कुटुंबे एखाद्या घरी जमत, आधी पाठविलेली पुस्तिका वाचीत, कार्यक्रम ऐकत आणि मग दिलेल्या प्रश्नांवर चर्चा करून आपली उत्तरे प्रांतिक कार्यालयाकडे पाठवीत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा असे त्यांचे ब्रीद होते. १९६५ पर्यंत ही चळवळ चालली.

या पद्धतीचे मर्म पुस्तिकेत नव्हते, तसेच कार्यक्रमाच्या सजावटीतही नव्हते. ते परतीच्या टपालात होते. श्रोत्यांनी पाठविलेली मते प्रसारणात सांगितली जात. त्यामुळे दूरच्या शेतावर एकाकी राहणाऱ्या माणसाला आपले म्हणणे कोणी तरी ऐकले, अशी खात्री पटे. संयुक्त राष्ट्रांच्या शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक संघटनेने, म्हणजे युनेस्कोने, या कामाचा अभ्यास केला आणि साक्षरता अल्प असलेल्या देशात ही पद्धत उपयोगी पडेल काय, हे पाहण्यासाठी भारताची निवड झाली.

पुण्याचा प्रयोग

प्रयोगासाठी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर हे पाच जिल्हे घेण्यात आले. उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा जिल्हा. दीडशे गावांत श्रोता मंडळे स्थापन झाली. प्रत्येक मंडळाला एक अध्यक्ष व एक निमंत्रक-चिटणीस असे. सुमारे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, साक्षरता, शिक्षण व स्थानिक स्वराज्य असे विषय त्यांत होते. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक व हिंदी नाटककार जगदीशचंद्र माथुर यांनी या कामी पुढाकार घेतला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे मूल्यमापनाचे काम होते व समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचे मार्गदर्शन केले. या दोघांनी लिहिलेला अहवाल १९५९ साली युनेस्कोने प्रसिद्ध केला.

मूल्यमापनाची रीत साधी व सरळ होती. मंडळे असलेली काही गावे निवडली. त्यांच्या तुलनेसाठी मंडळे नसलेली गावेही घेतली. त्यांपैकी काही गावांत नभोवाणी संच होता, काहींत नव्हता. कार्यक्रमांच्या आधी व नंतर ग्रामस्थांना तेच प्रश्न विचारले. जेथे मंडळ होते, तेथे लोकांच्या माहितीत ठळक वाढ झालेली आढळली. जेथे मंडळ नव्हते, तेथे ती नगण्य होती.

या निष्कर्षाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. संच गावात आहे म्हणजे माहिती गावात पोहोचली असे होत नाही. ऐकलेली गोष्ट चार माणसांत बोलली गेली, तिच्यावर शंका घेतली गेली, तिला गावातल्या अनुभवाची जोड मिळाली, म्हणजे ती माहिती गावाची होते. ज्याला अक्षरओळख नाही असा शेतकरीदेखील या चर्चेत मागे राहण्याचे कारण नव्हते. कारण चर्चेला लागणारे भांडवल अनुभवाचे होते, अक्षरांचे नव्हते.

दुसरा निष्कर्ष पंचायत सदस्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. काही गावांत ही मंडळे केवळ ऐकण्याची जागा न राहता गावाचे निर्णय घेण्याची जागा बनू लागली. जे प्रश्न पंचायतीच्या बैठकीत येत नसत, ते येथे निघू लागले. पंचायतीला हा प्रतिस्पर्धी वाटण्याचे कारण नाही. मोकळेपणी बोलण्याची जागा मिळाली की लोक कामालाही लागतात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

विस्तार झाला, धागा विरला

या यशामुळे १९५९ पासून श्रोता मंडळांची योजना देशभर नेण्यात आली आणि मंडळांची संख्या काही हजारांवर गेली. परंतु प्रयोगात जी काळजी घेतली जाते, ती विस्तारात टिकविणे अवघड असते. पुण्याच्या प्रयोगात मंडळांना भेटी देणारे, चिटणिसाला हुरूप देणारे संघटक होते. पुढे कामाच्या व्यापात ही माणसे अपुरी पडली. संच नादुरुस्त झाला की दुरुस्तीला वेळ लागे. प्रश्न पाठविले तरी उत्तर येईलच अशी शाश्वती राहिली नाही. ज्या दिवशी गावाचे पत्र अनुत्तरित राहिले, त्या दिवसापासून मंडळ कागदावर उरण्यास प्रारंभ झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

स्थानिक प्रसारणाचा विचार मात्र थांबला नाही. १९८४ साली तमिळनाडूतील नागरकोविल येथे आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. पुढे महाराष्ट्रातही अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी अशी केंद्रे आली. जिल्ह्याची बोली, जिल्ह्याचे पीकपाणी आणि जिल्ह्यातील माणसे यांना प्रसारणात स्थान मिळाले. तथापि केंद्र शासकीय होते. त्याचे चालक व श्रोते ही दोन निराळी माणसे होती.

लहरी कोणाच्या?

हे अंतर कमी होण्याला कारण ठरला तो सर्वोच्च न्यायालयाचा ९ फेब्रुवारी १९९५ चा निकाल. क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणावरून निर्माण झालेल्या या वादात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी प्रमुख निकालपत्र लिहिले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा वापर लोकहितासाठी व्हावयास हवा, ती कोणाचीही मक्तेदारी असू नये, असा या निकालाचा आशय होता. क्रिकेटच्या निमित्ताने आलेला हा विचार पुढे खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचावयाचा होता.

त्याला वेळ लागला. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना स्वतःचे केंद्र चालविण्यास अनुमती देण्याचे धोरण जाहीर झाले. त्यानुसार चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ केंद्रही याच धोरणातून उभे राहिले. नोव्हेंबर २००६ मध्ये हे दार अधिक उघडले गेले आणि स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे व कृषी विद्यापीठे यांनाही सामुदायिक नभोवाणी केंद्रासाठी अर्ज करता येऊ लागला. संस्था नफ्यासाठी चालणारी नसावी, तिने त्या भागात किमान तीन वर्षे लोकसेवेचे काम केलेले असावे, निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत आणि प्रक्षेपणशक्ती १०० वॅटपर्यंत असावी, अशा त्याच्या मुख्य अटी होत. एवढ्या शक्तीचा आवाज साधारणतः दहा-बारा किलोमीटर जातो. म्हणजे तालुक्याच्या बाजाराला जेवढी गावे येतात, जवळपास तेवढेच त्याचे क्षेत्र.

आंध्र प्रदेशाच्या तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, आज तेलंगणात असलेल्या पस्तापूर परिसरात, दलित शेतकरी स्त्रियांचे ‘संघम रेडिओ’ हे केंद्र १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाले. या स्त्रियांनी परवान्याची वाट पाहत दशकभर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवले होते व फिती गावोगावच्या बैठकांत ऐकविल्या होत्या. भरडधान्ये, बी-बियाणे, घरगुती औषधे, गाणी हे त्यांचे विषय. केंद्राचे उद्घाटन न्यायमूर्ती सावंत यांच्याच हस्ते झाले. निकालपत्रातील विचार तेरा वर्षांनी एका शेतकरी स्त्रीच्या आवाजात ऐकू आला.

माणदेशातील केंद्र आणि लहान उद्योजक

त्याच वर्षी महाराष्ट्रातही असे एक केंद्र सुरू झाले. पुण्याच्या प्रयोगातील पाच जिल्ह्यांत उत्तर सातारा होता. त्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यात, म्हसवड येथे, २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. हा पर्जन्यछायेतील प्रदेश. पाऊस कमी, मेंढपाळी व कोरडवाहू शेती हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार, आणि कामासाठी गाव सोडणे ही अनेक घरांची रीत.

या केंद्रामागे एक बँक आहे, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्याचे महत्त्व कळणार नाही. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली म्हसवड येथे माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. बँकेसाठीचा पहिला अर्ज मंजूर झाला नव्हता. कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकजणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या स्त्रिया खचल्या नाहीत. त्यांनी अक्षरे गिरविली आणि पुन्हा अर्ज करताना, व्याजाचा हिशेब आम्हांला तोंडी विचारा, असे सांगितले. बाजारात रोजचा व्यवहार करणाऱ्या बाईला हिशेब येतो, केवळ तो कागदावर मांडण्याची सवय नसते, हे त्यांनी दाखवून दिले.

हीच गोष्ट बोलण्याच्या बाबतीतही खरी आहे. भाजी विकणारी, शेळ्या पाळणारी, शिवणयंत्रावर पोट भरणारी स्त्री आपल्या धंद्याविषयी सांगू लागली म्हणजे त्यात भांडवल किती घातले, उधारी कशी बुडाली, माल कोठे खपला, कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात जड गेला, असा सारा ताळेबंद येतो. पुस्तकी व्याख्यानात हे मिळत नाही. यशाच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात; परंतु शेजारच्या गावातील बाईने आपला तोटा कसा झाला हे सांगितले, तर ऐकणारीचा तोटा वाचतो. स्थानिक नभोवाणीचे खरे अर्थकारण येथे आहे.

केंद्राच्या स्वतःच्या अर्थकारणाचाही विचार करावा लागतो. वीज, दुरुस्ती व मानधन यांचा खर्च थांबत नाही. सामुदायिक केंद्रांना जाहिरातींसाठी प्रारंभी तासाला पाच मिनिटे मुभा होती. ती वाढत जाऊन २०२४ च्या सुधारित धोरणात बारा मिनिटांपर्यंत नेण्यात आली. गावातील पिठाची गिरणी, रोपवाटिका, बचत गटाची खानावळ यांना वृत्तपत्रात जाहिरात देणे परवडत नाही; येथे ते शक्य होते. उद्योजकाला गिऱ्हाईक मिळते आणि केंद्राला आधार. मात्र जो जाहिरात देतो त्याच्याच मालाची मुलाखतीतून स्तुती होऊ लागली, तर श्रोत्यांचा विश्वास उडण्यास वेळ लागत नाही. जाहिरात कोणती व माहिती कोणती, हे श्रोत्याला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

राज्यकारभाराची चर्चा : मर्यादा आणि वाव

आता अधिक नाजूक विषयाकडे वळावयाचे. गावातील माणसे एकत्र बसली म्हणजे राज्यकारभाराविषयी बोलणारच. मग स्थानिक नभोवाणीवर ते बोलणे यावे काय? या बाबतीत निरनिराळ्या देशांनी निरनिराळे मार्ग पत्करले.

अमेरिकेत श्रोत्यांच्या दूरध्वनीवर चालणारी संभाषणप्रधान नभोवाणी फार लोकप्रिय आहे. वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजू मांडल्या जाव्यात, असा तेथे १९४९ पासून दंडक होता. तो १९८७ मध्ये रद्द झाला व त्यानंतर एकाच बाजूची मते चढ्या आवाजात मांडणाऱ्या कार्यक्रमांचा प्रसार झाला. दुसरीकडे २००० पासून तेथे बिगरनफा संस्थांना १०० वॅटची छोटी केंद्रे देण्यास आरंभ झाला. नेपाळात १९९७ साली सुरू झालेले ‘रेडिओ सगरमाथा’ हे दक्षिण आशियातील सामुदायिक प्रसारणाचे एक आद्य केंद्र होय. तेथील केंद्रे बातम्याही देतात. २००५ मध्ये राजाने सत्ता हाती घेऊन या केंद्रांवरील बातम्या बंद केल्या, तेव्हा त्या पुन्हा सुरू व्हाव्यात यासाठी पत्रकारांना झगडावे लागले. याउलट रवांडात १९९३ साली सुरू झालेल्या एका खाजगी केंद्राने एका जमातीविरुद्ध विष पसरविले. १९९४ च्या नरसंहारात सुमारे आठ लाख माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. या प्रचाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये संबंधितांना दोषी ठरविले.

भारताने सावधगिरीचा मार्ग धरला. २००६ च्या धोरणानुसार सामुदायिक केंद्रांना बातम्या, चालू घडामोडी व राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम यांस मनाई आहे. पुढे आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा, अथवा स्थानिक भाषेत अनुवाद करून देण्याची मुभा मिळाली. या मनाईला न्यायालयात आव्हानही देण्यात आले. २०१३ मध्ये यासंबंधी एक जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. मनाईमागील भीती निराधार नाही, हे रवांडाने दाखविले. तिची किंमतही मोजावी लागते, हेही तितकेच खरे. गावाला स्वतःच्या गावाची बातमी स्वतःच्या केंद्रावर ऐकता येत नाही, आणि ती पोकळी दुसरे कोणी तरी भरून काढते.

तरीही कायद्याच्या चौकटीत वाव मोठा आहे. हवामान, वाहतूक, परीक्षा व प्रवेश, रोजगाराच्या संधी, सण-उत्सव, वीज व पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती व साथीचे इशारे ही माहिती बातम्यांत धरली जात नाही. ग्रामसभेची तारीख व विषयपत्रिका, शासकीय योजनेच्या अटी, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज कसा करावा, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली कोणता दाखला किती दिवसांत मिळावा, हे समजावून सांगण्यास पक्षीय राजकारणाची गरज नाही. अमुक पक्षाला मत द्या असे सांगणे निराळे आणि पाण्याच्या टाकीचे काम कोणत्या टप्प्यावर आहे हे ग्रामसेवकाने लोकांना सांगणे निराळे. पहिल्याची मनाई आहे म्हणून दुसरे टाळण्याचा मोह अधिकाऱ्यांना होतो. तो टाळला पाहिजे.

गुन्ह्याची वार्ता आणि अफवा

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, असे संदेश त्या सुमारास भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पसरत होते. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायत कार्यालयात नेले आणि तेथे त्यांना मारहाण करून ठार केले. हे पाचही जण पोटासाठी आलेले होते. ज्या इमारतीत गावाने न्यायाचा व विचाराचा उच्चार करावा, त्या इमारतीत हे घडले.

तेथे एखादे नभोवाणी केंद्र असते तर हे टळले असते, असे कोणीही छातीठोकपणे म्हणू नये. जमावाला आवरणारी गोष्ट एकच एक नसते. तथापि या घटनेतून एक गोष्ट उघड होते. ज्या संदेशाचा कर्ता कोणालाच ठाऊक नव्हता, तो संदेश लोकांनी खरा मानला. कारण त्याला तितक्याच वेगाने, लोकांच्या बोलीत, ओळखीच्या आवाजात खोडून काढणारे कोणी नव्हते. भ्रमणध्वनीवरील अफवेला पत्ता नसतो. स्थानिक केंद्राला पत्ता असतो, परवाना असतो आणि प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याचे बंधनही असते. बोलणाऱ्याला जाब विचारता येतो, हीच त्याच्या विश्वासार्हतेची पहिली पायरी होय.

गुन्हेगारीविषयीच्या कार्यक्रमांत काही पथ्ये मात्र अटळ आहेत. लैंगिक अत्याचारातील पीडित व्यक्तीची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम २३ व २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम ७४ तेच बंधन घालते. लहान गावात केवळ नाव गाळून भागत नाही. वाडी, शाळेची इयत्ता किंवा वडिलांचा धंदा सांगितला तरी ओळख पटते. तपास चालू असताना संशयिताला गुन्हेगार म्हणणे, त्याच्या जातीचा वा जमातीचा उल्लेख करणे, हेही वर्ज्य मानावे. ज्या जमातींवर इंग्रजी अमदानीत जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला गेला, त्यांना तो शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला गेल्यानंतरही समाजाच्या बोलण्यातून किती काळ वाहावा लागला, हे महाराष्ट्राला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

गुन्ह्याच्या कथेपेक्षा गुन्ह्यापासून बचाव हा विषय स्थानिक केंद्राला अधिक शोभतो. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही कारवाई कायद्यात नाही. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. संकटात ११२, स्त्रियांसाठी १८१ व बालकांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. एवढी माहिती ठाण्यातील हवालदाराने गावच्या बोलीत सांगितली, तरी एखाद्या कुटुंबाची आयुष्याची पुंजी वाचू शकते.

कोणी काय करावे?

केंद्र असो वा नसो, पुण्याच्या प्रयोगातील मूळ सूत्र आजही अंमलात आणता येते. आकाशवाणीचे स्थानिक केंद्र, जवळचे सामुदायिक केंद्र, अथवा ध्वनिमुद्रित केलेला एखादा कार्यक्रम, यांपैकी जे उपलब्ध असेल ते घ्यावे.

अधिकाऱ्यांनी केवळ भाषणासाठी ध्वनिक्षेपकासमोर जाऊ नये. आधी आलेले प्रश्न मागवून घ्यावेत आणि त्यांचीच उत्तरे द्यावीत. जे उत्तर आज देता येत नाही, ते कोणत्या तारखेला देता येईल हे सांगावे आणि ती तारीख पाळावी. दहा योजनांची यादी वाचण्यापेक्षा एका नामंजूर अर्जाचे कारण समजावून सांगणे अधिक उपयोगाचे असते.

शिक्षकांकडे जुन्या मंडळांतील चिटणिसाचे काम सहज येऊ शकते. महिन्यातून दोन सायंकाळी शाळेत वीस माणसे जमवावीत. त्यांत स्त्रिया, भूमिहीन मजूर व तरुण यांना आवर्जून बोलवावे. कार्यक्रम अर्ध्या तासाहून अधिक नसावा आणि चर्चेला त्याहून अधिक वेळ असावा. जो सर्वांत कमी बोलतो, त्याला प्रथम विचारावे. गोषवारा एका वहीत लिहावा : काय ऐकले, काय पटले नाही, काय करावयाचे ठरले, कोणी करावयाचे, केव्हापर्यंत. पुढील बैठकीचा प्रारंभ या वहीच्या वाचनाने करावा.

पंचायत सदस्यांनी ही वही ग्रामसभेत ठेवावी. त्यातील एखादी सूचना अमान्य करावी लागली, तरी कारण सांगून करावी. केंद्रावर टीका झाली म्हणून चालकांवर दडपण आणण्याचा विचार मनात आला, तर ज्या गावात उघड बोलता येत नाही तेथे लोक कानात बोलू लागतात, हे स्मरावे; आणि कानातले बोलणे किती घातक ठरते, हे राईनपाड्याने दाखविले आहे.

समारोप

देशात आज सामुदायिक केंद्रांची संख्या पाचशेच्या आसपास पोहोचली आहे. लक्षावधी गावांच्या देशात हा आकडा लहान आहे. तो वाढावा हे इष्ट आहेच. परंतु केवळ मनोरे उभारून काम भागणार नाही. ज्या गावांत १९५६ साली संच होता पण मंडळ नव्हते, तेथे लोकांच्या माहितीत फारशी भर पडली नव्हती, ही नोंद प्रत्येक नव्या योजनेच्या पहिल्या पानावर असावयास हवी.

ती दीडशे मंडळे टिकली नाहीत. त्यांचा धडा मात्र टिकला. गावाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले, म्हणजे गाव पुन्हा विचारते. उत्तर मिळाले नाही, तर ते विचारणे सोडून देते आणि जो कोणी बोलेल त्याचे ऐकू लागते. म्हणून पुढील ग्रामसभेपूर्वी प्रत्येक पंचायत सदस्याने, शिक्षकाने व अधिकाऱ्याने एक साधी गोष्ट तपासून पाहावी : गावाकडून आलेला शेवटचा प्रश्न कोणता होता, आणि त्याचे उत्तर दिले गेले काय?